फ्रिट्यॉफ नान्सेन : बर्फात हात जपायला शिकलेला माणूस



मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. सकाळची शाळा होती. परिपाठ झाला, मुलं वर्गात आली आणि मी शुद्धलेखन घातलं. एका मुलीच्या वहीत अक्षरं वेडीवाकडी, ओळ सोडून खाली उतरलेली. एरवी तिचं अक्षर छान असतं. मी जरा रागावूनच बोलले. ती काहीच बोलली नाही. वही परत देताना तिचा हात माझ्या हाताला लागला आणि मी दचकले. हात नुसता गार पडला होता! स्वेटरची बाही कोपरापर्यंत ओली होती. शाळेत येण्याआधी ती घरची भांडी घासून आली होती. बाही भिजली, आणि तशाच ओल्या बाहीने ती थंडीतून चालत आली. बोटं आखडलेली, पेन्सिल धरवत नव्हती. यात तिचा काय दोष?

तिला उन्हात बसवलं, स्वेटर काढून माझी शाल दिली. पंधरा-वीस मिनिटांनी बोटं मोकळी झाली आणि अक्षरही सुधारलं. त्याच आठवड्यात मी वर्गाला एका माणसाची गोष्ट सांगितली. ओल्या बाहीने त्याच्याही हाताला घात केला होता. फक्त तो होता उत्तर ध्रुवाजवळ, उणे चाळीस अंश तापमानात. त्याचं नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. आज तुम्हालाही त्याच्याविषयी सांगते. थंडीचा पाठ शिकवताना नक्की उपयोगी पडेल.

जन्म आणि बालपण

नान्सेन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1861 रोजी नॉर्वेमध्ये, राजधानी ख्रिस्तियानियाजवळ झाला. हेच शहर आज ऑस्लो म्हणून ओळखलं जातं. वडील वकील होते, शिस्तीचे आणि साधेपणाचे. आई बर्फावर स्की करण्यात तरबेज. त्या काळी बायकांनी असं काही करणं फारसं कुणाला रुचत नसे, पण तिने ते केलं आणि मुलांनाही मोकळं सोडलं.

स्की म्हणजे काय, हे आपल्या मुलांना आधी सांगावं लागतं. पायाला दोन लांब, अरुंद लाकडी पट्ट्या बांधायच्या, हातात काठी घ्यायची आणि बर्फावरून सरकत जायचं. नॉर्वेत हा खेळ होण्याच्या कितीतरी आधीपासून चालण्याचा एक प्रकार होता. हिवाळ्यात शेजारच्या गावी जायचं तर स्कीवरूनच. नान्सेन लहानपणापासून रानावनात भटकायचे, मासे पकडायचे, दिवसचे दिवस बाहेर राहायचे. थंडीची त्यांना सवय होती. पण सवय असणं वेगळं आणि थंडी समजणं वेगळं, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

शिक्षण आणि संशोधन

कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र निवडलं. 1882 मध्ये सील मारणाऱ्या जहाजावरून ते उत्तरेकडच्या समुद्रात गेले आणि तिथून त्यांनी ग्रीनलंडचा बर्फाळ किनारा पाहिला. त्याच वर्षी बेर्गेन शहरातल्या संग्रहालयात त्यांना नोकरी लागली. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास सुरू केला. 1886 मध्ये ते इटलीला जाऊन गोल्जी या प्रसिद्ध शास्त्रज्ञाला भेटले आणि मज्जापेशी रंगवून पाहण्याची त्यांची पद्धत शिकून आले. याच विषयावर त्यांनी 1888 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

आपल्या बोटांना गार लागतं, दुखतं, मग बधिरपणा येतो, ही खबर मेंदूकडे नेणारी तीच ही मज्जासंस्था. तिचा अभ्यास करणारा माणूस काही दिवसांतच अशा ठिकाणी निघाला, जिथे बोटांची खबर वेळेवर ऐकली नाही तर बोटंच जातील.

ग्रीनलंड, 1888

ग्रीनलंड हे जगातलं सर्वांत मोठं बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली आहे. तो थर आडवा पार करणं तोपर्यंत कुणाला जमलं नव्हतं. आधीचे लोक पश्चिमेकडून निघायचे, कारण तिकडे वस्ती होती. अडचण आली की मागे फिरायचे. नान्सेन यांनी उलटं ठरवलं. ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरायचं आणि वस्ती असलेल्या पश्चिमेकडे जायचं. म्हणजे मागे वळायला जागाच नाही. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं.

बरोबर फक्त पाच जण होते. त्यांत सामुएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोघे सामी जमातीचे. सामी लोक उत्तर नॉर्वेच्या थंडीत पिढ्यान् पिढ्या रेनडिअर पाळून राहिलेले. थंडीत अंग कसं जपायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होतं. त्यांच्या जोड्यांत मोज्यांऐवजी एक खास वाळलेलं गवत भरतात. पायाचा घाम गवत शोषून घेतं आणि रात्री ते बाहेर काढून सुकवता येतं. नान्सेन यांनी अशा गोष्टी मनापासून शिकून घेतल्या. पदवी आहे म्हणून दुसऱ्याच्या अनुभवाला कमी लेखलं नाही.

आता हातांकडे येऊ. हातात मोठे लोकरीचे मोजे, आणि थंडी फारच वाढली तर त्यावर कुत्र्याच्या कातड्याचे दुसरे मोजे, केसांची बाजू बाहेर. दोन थर का? तर लोकरीच्या धाग्यांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पण वारा सुटला की ती हवा उडून जाते. म्हणून वरचा थर वारा अडवणारा. आत ऊब धरणारं, बाहेर वारा थोपवणारं. आजचे स्कीचे हातमोजेसुद्धा याच तत्त्वावर बनतात बरं का, फक्त कापड बदललं.

17 जुलै 1888 ला त्यांनी जहाज सोडलं. पण किनाऱ्याला लागण्याऐवजी वाहत्या बर्फात अडकून ते दक्षिणेकडे वाहत गेले. शेवटी किनारा गाठला, पुन्हा उत्तरेकडे आले आणि ऑगस्टच्या मध्यावर खरी चढाई सुरू झाली. सामानाच्या गाड्या स्वतःच ओढायच्या. उंची वाढत गेली ती 2,719 मीटरपर्यंत. रात्री तापमान उणे 45 अंशांच्या आसपास उतरायचं.

त्यांना सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला असेल? तहानेचा! चहूकडे बर्फच बर्फ, पण प्यायला पाणी नाही. बर्फ वितळवायला इंधन लागतं आणि इंधन मोजकंच. मग ते पत्र्याच्या चपट्या बाटल्यांत बर्फ भरून कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवायचे. शरीराच्या उष्णतेने बर्फ वितळला की घोटभर पाणी मिळायचं. पण ही उष्णता फुकट नसते. ती शरीराने खाल्लेल्या अन्नातूनच येते. म्हणूनच निघण्याआधी नान्सेन यांनी एका रसायनतज्ज्ञाच्या मदतीने खास स्टोव्ह बनवून घेतला होता. एका भांड्यात जेवण शिजताना वाया जाणाऱ्या उष्णतेवर दुसऱ्या भांड्यात बर्फ वितळायचा. पुढे अनेक ध्रुवीय मोहिमांत हा नान्सेन स्टोव्ह वापरला गेला.

सप्टेंबरअखेर ते पश्चिमेकडे उतरले. तंबूचं कापड आणि विलोच्या फांद्या वापरून एक छोटी होडी बनवली आणि नान्सेन व स्वेरद्रूप 3 ऑक्टोबरला गॉटहॉब या वस्तीत पोचले. ते आजचं नूक. सहाही जण सुखरूप होते. वर्षातलं जहाज निघून गेल्याने हिवाळा तिथेच काढावा लागला. नान्सेन यांनी तोही वाया घालवला नाही. स्थानिक इनुइट लोकांबरोबर राहिले, त्यांच्याकडून कयाक चालवायला शिकले. या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक 1890 मध्ये आलं आणि युरोपभर लोकांना स्कीचं वेड लागलं.

फ्राम जहाज आणि ओली बाही

पुढची मोहीम उत्तर ध्रुवाची. नान्सेन यांनी फ्राम नावाचं असं जहाज बांधून घेतलं, की बर्फाने दाबलं तरी ते न फुटता वर उचललं जाईल. 1893 च्या उन्हाळ्यात निघाले, मुद्दाम बर्फात अडकून घेतलं आणि बर्फाबरोबर वाहत राहिले. पण जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे लक्षात आल्यावर 14 मार्च 1895 रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे दोघेच 28 कुत्रे, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक घेऊन स्कीवरून निघाले.

इथे एक निर्णय झाला. त्यांच्याकडे लांडग्याच्या कातड्याचे उबदार कपडे होते. आधी निघायचा प्रयत्न केला तेव्हा त्या कपड्यांत भयंकर घाम आला. म्हणून या खेपेला ते जहाजावरच ठेवले आणि लोकरीचे कपडे घालून निघाले. विचार तर बरोबरच वाटतो ना? घाम नको, ओलावा नको.

पण झालं उलटंच. बर्फाचे उंचवटे पार करताना गाड्या उचलाव्या लागायच्या, ढकलाव्या लागायच्या. इतक्या कष्टात लोकरीतही घाम यायचाच. तो कपड्यात मुरायचा आणि बाहेरच्या उणे चाळीस अंशांत गोठायचा. दिवसभरात अंगावरचा कोट म्हणजे बर्फाचं चिलखत. हात हलवला की कडकड आवाज. संध्याकाळी झोपायच्या पिशवीत शिरले की तासभर दात वाजायचे, मग अंगाच्या ऊबेने कपडे वितळून ओले व्हायचे. ओले हातमोजे आणि पायमोजे छातीवर ठेवून झोपायचं, म्हणजे सकाळपर्यंत जरा तरी सुकतील. सकाळी बाहेर पडलं की काही मिनिटांत सगळं पुन्हा लाकडासारखं कडक.

त्या गोठलेल्या बाहीची कड चालताना मनगटावर सतत घासत राहिली. दोन्ही मनगटांवर जखमा झाल्या. उजव्या मनगटाच्या जखमेला हिमदंश झाला, ती खोल खोल जात जवळजवळ हाडापर्यंत पोचली. पट्ट्या बांधून काही उपयोग झाला नाही. उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे ती भरली.

शिवाय कुत्र्यांच्या दोऱ्या. कुत्रे एकमेकांवरून उड्या मारायचे आणि दोऱ्यांचा गुंता करून ठेवायचे. जाड मोजे घालून गाठी सुटतात का? मोजे काढायचे, फुटलेल्या बोटांनी गोठलेली गाठ सोडवायची, पुन्हा मोजे घालायचे. दिवसातून कितीदा तरी.

8 एप्रिल 1895 ला ते 86 अंश 14 मिनिटे उत्तर अक्षांशावर पोचले. तोपर्यंत कुणीही इतक्या उत्तरेला गेलं नव्हतं. पुढे बर्फ आणखी वाईट होता. ध्रुव राहिला, पण जीव राहिला पाहिजे म्हणून ते मागे फिरले.

हात का गारठतात?

इथे वर्गात गोष्ट थांबवा आणि मुलांना विचारा, जखम मनगटालाच का झाली? पोटाला का नाही?

आपलं शरीर मोठं हिशेबी आहे. थंडी वाढली की ते आधी हृदय, मेंदू, पोटातले अवयव सांभाळतं. त्यासाठी हातापायाच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. गरम रक्त तिकडे कमी जातं, म्हणून बोटं आधी गारठतात. याचा अर्थ काय? हात गरम ठेवायचे असतील तर आधी छाती, पोट, डोकं गरम हवं. नुसते हातमोजे घालून भागत नाही. उपाशी, दमलेल्या आणि भिजलेल्या माणसाला कितीही चांगले मोजे दिले तरी बोटं गारच राहणार.

दुसरं कारण ओलावा. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या लोकरीत अडकलेली हवा ऊब धरते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की तीच लोकर ऊब काढून घेऊ लागते.

बर्फाच्या पाण्यात उडी

1895 चा हिवाळा दोघांनी फ्रान्झ जोसेफ लँड या बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्याची झोपडी बांधून काढला. अस्वलाचं मांस खाल्लं, चरबीचे दिवे लावले. निघण्याआधी जुन्या ब्लँकेटांतून स्वतःच्या हाताने नवे कपडे शिवले. चुकीतून शिकलेला माणूस आता कोरड्या कपड्यांची किंमत जाणत होता.

जून 1896 मध्ये एक प्रसंग आला. एकत्र बांधलेले दोन्ही कयाक बर्फाच्या कडेला लावून दोघे आजूबाजूला पाहायला चढले होते. तेवढ्यात दोरी तुटली आणि कयाक वाहून जाऊ लागले. अन्न, बंदुका, सगळं त्यातच. नान्सेन यांनी वरचे कपडे काढले, घड्याळ योहान्सेनच्या हातात दिलं आणि त्या पाण्यात उडी मारली. पोहता पोहता हातपाय लाकूड झाले. कयाकपर्यंत पोचले तेव्हा वर चढायला हातात ताकद नव्हती. कसाबसा एक पाय टाकून ते वर आले. परतल्यावर योहान्सेनने त्यांना कोरडे कपडे घातले, झोपायच्या पिशवीत घातलं, वर मिळेल ते पांघरलं. कितीतरी वेळ थरथर कापल्यावर अंगात ऊब आली. आधी ओलं काढायचं, मग ऊब द्यायची. कुणाही गारठलेल्या माणसाला मदत करताना क्रम हाच.

काही दिवसांनी, 17 जूनला, त्यांना इंग्रज संशोधक जॅक्सन भेटले आणि ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला परतले. फ्रामवरचेही सगळे सुखरूप आले. मोहिमेतला एकही माणूस दगावला नाही.

पुढचं आयुष्य

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन यांनी वेगळंच काम हाती घेतलं. राष्ट्रसंघाच्या वतीने चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलं. 1921 च्या रशियातल्या दुष्काळात अन्न मिळवून देण्यासाठी देशोदेशी फिरले. ज्यांना देशच उरला नव्हता अशा निर्वासितांसाठी 1922 मध्ये एक ओळखपत्र सुरू केलं. त्यालाच नान्सेन पासपोर्ट म्हणतात. त्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. ती रक्कमही त्यांनी मदतकार्याला दिली. 13 मे 1930 रोजी राहत्या घरी त्यांचं निधन झालं. थंडी, भूक आणि घरापासून दूर असणं म्हणजे काय, हे त्यांना कागदावर वाचून समजून घ्यावं लागलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

प्रयोग : सारख्या मापाचे तीन स्टीलचे पेले घ्या. तिन्हींत सारखंच कोमट पाणी घाला. एक तसाच ठेवा, एकाला कोरडं लोकरीचं कापड गुंडाळा, एकाला तेच कापड ओलं करून गुंडाळा. कोणतं पाणी आधी गार होईल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या. वीस मिनिटांनी तापमापीने मोजा. कोरड्या आणि ओल्या कापडातला फरक मुलं विसरणार नाहीत.

पालकांसाठी, मग ती आपल्याकडची डिसेंबरची सकाळ असो की गुलमर्ग-औलीची बर्फातली सहल :

1. आधी टोपी, स्वेटर आणि पोटभर नाश्ता, मग हातमोजे.
2. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे मोजे जास्त उबदार असतात. बोटं एकमेकांना ऊब देतात.
3. मोजे घट्ट नकोत. घट्ट मोज्यात रक्तही नीट फिरत नाही आणि हवेलाही जागा राहत नाही.
4. घाम येण्याआधीच एक थर कमी करा. थांबलात की पुन्हा चढवा.
5. कोरड्या मोज्यांचा जादा जोड जवळ ठेवा. बर्फात काठी फार घट्ट धरू नका, मधूनमधून बोटं हलवा, हात गोल फिरवा.
6. बोटं बधिर किंवा पांढरी पडली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. काखेत धरून ऊब द्या आणि फरक पडला नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा.

शेवटी एवढंच

नान्सेन इतके हुशार, इतके तयारीचे. तरीही चुकले. मला त्यांचं विशेष वाटतं ते हे, की त्यांनी ती जखम लपवली नाही. मोहिमेवरच्या पुस्तकात गोठलेली बाही आणि मनगटाची जखम स्वच्छ लिहून ठेवली, म्हणून पुढच्या लोकांना शिकता आलं.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली. अक्षर पाहिलं, पण हात पाहिला नाही, ही चूक माझी होती असं सांगितलं. आता थंडीच्या दिवसांत वर्गातल्या खुर्चीवर एक जादा स्वेटर आणि एक कोरडा टॉवेल असतो. हजेरीच्या आधी मी मुलांच्या बाह्यांना हात लावून बघते. दोन मिनिटं लागतात. तुम्हीही करून बघा.